अडीच किलो हळद आणि जावयाची गाडी

लोकांचे जावई रुसतात ते तासाभरासाठी. तोंड फिरवून बसतात, अंगठीची डबी उघडलेली दिसली की हसतात, आणि जेवायला उठतात. कुरुंद्याच्या सटवाजीचा जावई तसा नव्हता. शिवशंकर नांदेडला सरकारी कचेरीत होता आणि त्याचा रुसवाही कचेरीतल्या अर्जासारखाच होता. एकदा आत गेला की बाहेर कधी येईल हे खुद्द त्यालाही सांगता येत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्याच्या पोह्यांत मिरचीचा देठ निघाला. त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला, आणि पुढं अकरा महिने त्यानं कुरुंद्याचं नाव काढलं नाही. त्या अकरा महिन्यांत सटवाजीची एकुलती एक लेक पल्लवी माहेराला आली नाही. सटवाजीची म्हैस आटली, विहिरीचं पाणी मचूळ झालं, दारातल्या लिंबाला दोन वर्षं निंबोळी धरली नाही. वर्ष एकच झालं होतं, तरी दोन वर्षं धरली नाही. सटवाजी रोज दिवस मावळताना एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, वारं खायला आलोय. वारं काही एसटीनं येत नाही, पण एवढं बोलून दाखवायला कुणी गेलं नाही.

तेव्हा यंदा अधिक महिना लागला आणि शिवशंकर धोंडे खायला यायला तयार झाला, तसा पल्लवीनं आधी फोन केला.

"आबा, ह्या बारीला काही म्हंजी काही चुकू देऊ नका. दसऱ्याला आठ दिवस ऱ्हायला येऊ का म्हणून इचारून ठेवलंय मी."

"मग? काय म्हणले पाव्हणे?"

"व्हय म्हणले न्हाईत. पण न्हाई बी म्हणले न्हाईत."

सटवाजीला तेवढं पुरेसं होतं. त्यानं पोह्यांचा विचारच घरातून हद्दपार केला, आणि बायकोकडून, मंजुळाबाईकडून, सगळ्या मिरच्यांचे देठ मोजून काढून घेतले.

पाव्हणे आले ते नव्या गाडीतून. पांढरी गाडी, आतून फिक्कट राखाडी, सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. शिवशंकर गाडीत बसताना बूट काढायचा, पिशवीत घालायचा आणि पिशवी डिक्कीत ठेवायचा. खाली अंथरलेल्या मऊ गालिच्यावर धुळीचा एक कण दिसला तर गाडी बाजूला घेऊन तो कण बोटानं टिपायचा. पल्लवीनं आईच्या कानात सांगितलं की नांदेडपासून कुरुंद्यापर्यंत तिनं पाय अधांतरी धरले होते. वसमतला एकदा टेकले, तेही सिग्नलला. वसमतला सिग्नल आहे का, हे मंजुळाबाईनं विचारलं नाही. लेकीचे पाय दुखत होते, तेवढं खरं होतं.

जेवण बिनचूक झालं. तेहतीस धोंडे तुपात पोहत ताटात आले, त्यातले एकवीस शिवशंकरनं कुठलाही भाव चेहऱ्यावर न आणता संपवले. मग तो मधल्या खोलीत कूलरपुढं आडवा झाला. जाताना म्हणाला, "मामा, चारला उठवा. साडेचारला निघू." पल्लवी मैत्रिणीकडं गेली. दोन वाजले होते. सटवाजीनं खांबाला टेकून श्वास सोडला. इथंच जर तो झोपला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं.

पण लेकीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? घरची अडीच किलो हळद, वसमतला दळून आणलेली, आणि घाण्यावरचं करडईचं पाच लिटर तेल. जावयापुढं काढलं असतं तर तो "नको, गाडीत वास बसतो" म्हणाला असता आणि विषय संपला असता. तेव्हा तो झोपेत असतानाच ठेवून द्यावं, नांदेडला गेल्यावर आपोआप सापडेल, असा सटवाजीचा हिशेब. खुंटीवरच्या शर्टातून त्यानं किल्ली काढली.

ह्या हळदीविषयी थोडं सांगायला हवं. मागं एकदा वसमतच्या मोंढ्यात सटवाजीचं एक पोतं फाटलं आणि शेजारी उभा असलेला ढवळ्या बैल त्यात लोळला. मालकानं त्याला नदीवर तीन वेळा धुतला. शेवटी नाद सोडला आणि बैलाचं नाव बदलून सोन्या ठेवलं. पुढं तो विकला गेला तोही सोन्या म्हणूनच.

तर सटवाजीनं पुढच्या सीटसमोर, जिथं पल्लवीचे पाय यायचे तिथं, तेलाचा कॅन ठेवला आणि त्याला टेकून हळदीची पिशवी. कॅनचं झाकण हरवलं होतं म्हणून तोंडात मक्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढलेलं कणीस, ठोकलेलं होतं. कुरुंद्यात अर्ध्या गावाचं तेल बुरकुंडाच्या भरवशावर असतं. सामान बराबर बसलं. आता दार लावून घ्यायचं, तर सटवाजीच्या मनात आलं की आपली लेक कसल्या सीटवर बसून येते ते एकदा बसून तर बघावं. पाय कॅनच्या दोन्ही बाजूंना टाकून तो बसला. बसल्यावर हाताला सीटखाली एक दांडी लागली. शेतकऱ्याच्या हाताला दांडी लागली की तो ती ओढतो, त्यात त्याचा दोष नाही. नांगर असो, पंप असो, दांडी ओढण्यासाठीच असते.

सीट सटवाजीला घेऊन पुढं सरकली. पिशवी दबून फुटली, कॅन आडवा झाला, आणि बुरकुंड बंदुकीच्या गोळीसारखं सुटून समोरच्या काचेला लागलं. मग सगळं शांत झालं. हळदीचा धुरळा हळूहळू खाली बसला. तेल डुबुक डुबुक करत गालिच्यावर येत होतं. आत, कूलरच्या आवाजावर मात करून, जावयाचं घोरणं ऐकू येत होतं.

सटवाजीनं आधी कॅन उभा केला. मग डोक्याचं उपरणं सोडलं आणि पुसायला लागला. पुसण्याआधी डाग परातीएवढा होता. पुसल्यावर तो सतरंजीएवढा झाला.

मंजुळाबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं गाडीत पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्याच्या भुवया पिवळ्या होत्या.

"काहून बसले व्हते तुमी आत?"

"बघून राहिलो व्हतो."

"बघितलं ना? आता सरका तिकडं."

तिनं ज्वारीचं पीठ आणलं, दोन ओंजळी पसरून टाकलं. तेल पिठात मुरतं ही गोष्ट खरीच आहे. तेल मुरलं. पण हळदही मुरली, आणि सटवाजीनं मदत म्हणून वरून तांब्याभर पाणी शिंपडलं तेव्हा गाडीत धपाट्याचं पीठ तयार झालं. पाणी कुणी सांगितलं होतं, असं मंजुळाबाईनं विचारलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं उलथन्यानं पीठ खरवडून ताटात काढलं. शेजारच्या जनकाबाईच्या कोंबड्या वासानं आल्या, दोघी तर थेट सीटवर चढल्या. त्यांना हाकलताना सीटवरच्या प्लॅस्टिकवर पंजे उमटले. तेवढे पदरानं पुसले गेले.

घोरणं चालू होतं. तीन वाजायला आले होते. गालिचा आता तेलकट राहिला नव्हता, नुसता पिवळा होता. पिवळा म्हणजे नवरदेवासारखा.

आता सटवाजीनं डोकं चालवलं. त्याचं म्हणणं असं की पिवळ्याला पांढरं करायचं तर पांढरं काहीतरी लावलं पाहिजे, आणि घरात पांढरं म्हणजे चुना. भिंती त्यानंच पांढऱ्या होतात, तर गालिचा किस झाड की पत्ती. मंजुळाबाई ताट धुवायला आत गेली होती. सटवाजीनं पोळ्यानंतर उरलेला चुन्याचा डबा काढला आणि ओल्या गालिच्यावर मूठभर चुना व्यवस्थित चोळला.

मंजुळाबाई परत आली तेव्हा गालिचा लालभडक झाला होता.

तिनं धुतलेलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमी हळद किती वर्सं लावून राहिले?"

"चाळीस."

"हळदीत चुना पडला की कुक्कू व्हतं, हे सहा वर्साच्या पोरीला ठाऊक हाये."

"मला बी ठाऊक व्हतं," सटवाजी म्हणाला. "आत्ता येळंवर आठवलं न्हाई."

लिंबू पिळलं की लाली जाते, हेही मंजुळाबाईला ठाऊक होतं. तिनं पाच लिंबं पिळली. जिथं पिळली तिथली लाली गेली आणि खालून पुन्हा पिवळं वर आलं. सहावं लिंबू घरात नव्हतं. आता गालिचा अर्धा लाल, अर्धा पिवळा, आणि मध्ये कोंबड्यांनी न खाल्लेला पिठाचा एक गोळा चिकटलेला. हे दोन रंग पाहिजे तेव्हा पाहिजे तसे आणता येत होते. राखाडी मात्र येत नव्हता.

तेव्हा सटवाजीनं गुलाम नबीला बोलावलं. गुलाम नबी ट्रॅक्टरच्या सीटा आणि टेम्पोची कुशनं शिवायचा, आणि त्याच्याकडं हवा मारायचं एक यंत्र होतं. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. गुलाम नबी आला, वाकून बघितलं, दोन बोटांनी गालिचा चाचपला.

"सटवा, ह्याच्यावर लगीन लावलं का कुणाचं?"

"मस्करी नको करू. चारला उठतोय तो."

"तर मग ऐक. हा डाग माणसाच्या हातानं जात न्हाई. हळदीला ऊन खातं. गाडी दोन दिवस उन्हात उभी कर, काचा उघड्या ठेव, आपोआप उडून जाईल."

"साडेचारला निघायचंय."

"तर मग उडणार न्हाई," गुलाम नबी शांतपणे म्हणाला. "पण कोरडी भुकटी जी कोपऱ्याकोपऱ्यात बसली, ती तरी काढू. बाजू व्हा."

त्यानं यंत्र सुरू केलं. हे यंत्र हवा ओढत नव्हतं, मारत होतं. सीटच्या शिवणीतली, दाराच्या फटीतली, गालिच्याच्या कडेची कोरडी हळद क्षणभर हवेत उठली आणि दिसेनाशी झाली. गाडीच्या बाहेर तर काहीच आलं नाही. सटवाजीला फार समाधान वाटलं.

"गेली कुठं?" मंजुळाबाईनं विचारलं.

"गेली," गुलाम नबी म्हणाला. ती एसीच्या जाळ्यांतून आत गेली होती, पण त्या वेळी हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

एवढ्यात आतलं घोरणं थांबलं.

सटवाजीनं गाडीचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला. जावयाला काय सांगायचं ह्याचे चार प्रकार त्यानं मनात केले, चारही एकाहून एक खोटे. त्यातला एकही पल्लवीच्या दसऱ्याच्या लायकीचा नव्हता. शेवटी त्यानं ठरवलं की खरं सांगून पाय धरावेत. सासरे जावयाचे पाय धोंड्याच्या महिन्यात धुतातच, त्यात कमीपणा नाही.

शिवशंकर तोंड धुवून, चहा घेऊन, भांग पाडून बाहेर आला. पाठोपाठ मंजुळाबाई ओवाळायचं ताट घेऊन आली. निघताना जावयाला ओवाळतात, म्हणून ते आणलेलं. ताटात हळद, कुंकू, सुपारी, पेटलेलं निरांजन.

"मामा, जरा सरकता का?"

सटवाजी सरकला. शिवशंकरनं बूट काढून पिशवीत घातले, पल्लवीच्या बाजूचं दार उघडलं आणि आत पाहिलं. मग मंजुळाबाईच्या ताटात पाहिलं. मग पुन्हा आत पाहिलं.

"हे काय आहे?"

सटवाजी पाय धरायला वाकणारच होता.

"पूजा," गुलाम नबी म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो यंत्राची वायर गुंडाळत होता.

"कसली पूजा?"

"धोंड्याची. चाळीस सालसे देखरा मैं इस घर में."

शिवशंकरनं सासऱ्याकडं पाहिलं. सटवाजी सरळ झाला.

"धोंड्याला पूजा जावयाची असती, बराबर हाये," तो म्हणाला. "पण जावई ज्याच्यावर बसून येतो त्याची बी असती. आमच्या आज्याच्या काळात जावई घोड्यावर येत. घोड्याला हळद-कुक्कू व्हायचं. मग बैलगाडी आली, तिला व्हायचं. आता ही."

"मग चाकाला लावायचं."

"चाकाचं वाटंनं पुसून जातंय. आतलं टिकतंय."

शिवशंकर खाली वाकला. त्यानं पिठाच्या गोळ्याकडं बोट केलं. "आणि हे?"

"निवद," मंजुळाबाई म्हणाली.

"तेलाचा वास येतोय."

"दिव्याचं," गुलाम नबी म्हणाला.

शिवशंकर सरळ उभा राहिला. त्यानं चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला सुरुवात केली. आधी डावी काच, मग उजवी. सटवाजीच्या डोळ्यांपुढं एसटीचा थांबा उभा राहिला, आणि थांब्यावर उभा असलेला तो स्वतः.

तेवढ्यात पल्लवी आली. तिनं उघड्या दारातून आत पाहिलं, बापाच्या पिवळ्या भुवयांकडं पाहिलं, आणि सगळं समजून हळूच विचारलं, "किती किलो, आबा?"

"अडीच," सटवाजी पुटपुटला.

ती बिचारी सीटवर बसली आणि पाय पुन्हा अधांतरी धरले. मंजुळाबाईनं घाईघाईनं ओवाळलं. शिवशंकर पलीकडून बसला, दार लावलं, काचा अर्ध्या खाली घेतल्या. जेठाचं ऊन होतं, गाडी तव्यासारखी तापलेली. त्यानं किल्ली फिरवली आणि एसी शेवटच्या आकड्यावर नेला.

समोरच्या चारही जाळ्यांतून हळद आली.

थोडीथोडकी नाही. ढवळ्याचा जिनं सोन्या केला, ती हळद. आधी दोन झोत शिवशंकरच्या तोंडावर, मग दोन पल्लवीच्या, मग सगळ्या गाडीत पिवळा ढग. काचांतून तो बाहेर आला, सटवाजीच्या डोक्यावर बसला, मंजुळाबाईच्या ताटावर बसला, गुलाम नबीच्या दाढीवर बसला. जनकाबाईच्या दोन कोंबड्या त्या दिवसापासून पिवळी अंडी देऊ लागल्या, आणि आतलं पिवळं कुठलं आणि बाहेरचं कुठलं ह्यात गावाचा आजवर घोळ आहे.

ढग विरळ झाला तेव्हा शिवशंकर कपाळापासून पोटापर्यंत पिवळा होता. चष्म्याच्या दोन काचा म्हणजे दोन झेंडूची फुलं. तो हलत नव्हता.

सटवाजीला माफी मागायची होती. पण हळद उधळलेली बघितली की माणसाच्या तोंडातून जे निघतं तेच निघालं, तेही दबक्या आवाजात, भ्यालेलं.

"येळकोट येळकोट."

"जय मल्हार," गाडीतून उत्तर आलं.

ते शिवशंकरचं होतं. त्यानं ठरवून दिलं नव्हतं. लहानपणी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून ज्यानं भंडारा झेलला, त्याला झोपेतून उठवून येळकोट म्हणा, तो जय मल्हार म्हणूनच कूस बदलेल. हे एकदा तोंडातून गेलं की मग भंडाऱ्यावर रुसता येत नाही. तसा काही नियम नाही, पण आजवर कुणी रुसलेलंही नाही.

शिवशंकरनं प्रयत्न केला. चष्मा काढला, रुमाल काढला. रुमालही पिवळा होता. तो पुसत गेला तशी काच जास्तच पिवळी होत गेली. डावी होईना, उजवी होईना. सुरुवातच अडली म्हटल्यावर पुढचा रुसवा कुठून निघणार? शेवटी त्यानं चष्मा तसाच चढवला आणि सासऱ्याकडं पाहिलं. त्याला सासरा पिवळा दिसला असणार, आणि तो होताही.

"मामा, ही रीत सगळ्या जावयांना करतात का?"

"न्हाई," सटवाजी म्हणाला. "घराला एकच जावई असला तर."

शिवशंकरनं मान डोलावली. गाडी हलली. कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडक्यांतून पिवळी धूळ निघत होती, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपोआप हात जोडत होते.

पुढचे काही महिने सटवाजीला झोप लागली नाही, कारण नांदेडहून काही कळत नव्हतं. कळलं ते भलतीकडून. शेजारच्या हट्टा गावच्या विश्वंभरचा जावई आपल्या गाडीला कुणी हळदही लावली नाही म्हणून रुसून बसला होता. तो शिवशंकरच्याच कचेरीत होता, आणि तिथं शिवशंकरनं काहीतरी सांगितलं होतं म्हणे. विश्वंभर स्वतः चालत कुरुंद्याला आला आणि दारात बसून विचारता झाला, "सटवाजीभाऊ, चुना आधी का तेल आधी?"

"आधी तेल," सटवाजी म्हणाला. "मंग पीठ. चुना सगळ्यात शेवटी, बायको आत गेल्यावर."

दसऱ्याच्या चार दिवस आधी पांढरी गाडी दारात थांबली. पल्लवी उतरली. तिच्या हातात आठ दिवसांच्या कपड्यांची मोठी बॅग होती आणि तिचे पाय जमिनीवर सरळ टेकले. ती आईच्या गळ्यात पडली. सटवाजी बॅगेकडं बघत राहिला. बॅग जड होती, ते बघूनच कळत होतं.

शिवशंकरनं बूट पिशवीत घातले नव्हते. ते पायातच होते. त्यानं पुढचं दार उघडून सासऱ्याला आत दाखवलं. गालिचा राखाडी झाला होता, कोरा, दुकानातून आणल्यासारखा.

"कचेरीपुढं गाडी उन्हात उभी असते, मामा," तो म्हणाला. आवाजात नाराजी होती. "सगळं उडून गेलं."

मग त्यानं मागचं दार उघडलं.

"आणि मागचं तर त्या वेळी राहूनच गेलं होतं."

सटवाजीनं मागच्या गालिच्याकडं पाहिलं, मग मंजुळाबाईकडं. मंजुळाबाई पदर खोचून आत गेली आणि पिठाचा डबा घेऊन आली.